मेव्हण्याच्या हातचा दोर

कार्तिकातली सकाळ. सावित्रीच्या खोऱ्यात धुकं असं दाटलं होतं, की खालचं पोलादपूर कुणी दह्यात बुडवून ठेवलंय असं वाटावं. वरच्या वाडीवर मात्र कोवळं ऊन आलं होतं, आणि भागोजी उतारावर दवानं भिजलेलं गवत कापत होता. हात विळ्यावर, डोळे समोरच्या कड्यावर. कड्याच्या मध्यावर एका कपारीत सातेरी मधमाश्यांचं पोळं होतं. कारवी यंदा फुलली होती, म्हणजे मध कारवीचा. आता पुन्हा असा मध सात वर्षांनी.

"आवं, गवत कापताव का वाऱ्याला विळा दाखवताव?" मागून त्याची बायको तुळसा म्हणाली. "कड्याकडं बघून पोळं खाली येयाचं नाय."

"पोळं नाय गो, लेख," भागोजी म्हणाला.

"जल्लं तुमचं लिवणं!" म्हणत तिनं पेंढी बांधली. पण बोलण्यात राग नव्हता.

भागोजीला हे लिहिणं मुंबईत लागलं. गिरगावातल्या एका छापखान्यात तो खिळे जुळवायचा. साहेबलोकांच्या पहाडांच्या गोष्टी मराठीत छापायला यायच्या, आणि एकेक अक्षर जुळवताना त्याला हसू यायचं. हे चढतात ते डोंगर, आणि आम्ही रोज वैरणीला चढतो ते काय? पुढं हिवतापानं खंगून तो वाडीवर परतला, आणि पहिल्याच पावसाळ्यात चुलीपुढं बसून त्यानं लिहायला घेतलं. पुरात सुके दुधी भोपळे पोटाला बांधून सावित्री पार करणं. आंबेनळीच्या घाटात वाट चुकलेली म्हैस शोधणं. पुण्याच्या एका मासिकानं छापलं, मग मुंबईच्या एका साप्ताहिकानं मागितलं. ना कुणाची चाकरी, ना कुठल्या कचेरीत खुर्ची. शेत सांभाळायचं, डोंगर हिंडायचे, लिहायचं आणि पोलादपूरच्या टपालात टाकून यायचं. मनिऑर्डर आली तर गोडंतेल, नाही आली तर नाचणी होतीच.

आता पुण्याच्या संपादकांनी मधाच्या कड्यावर लेख मागितला होता. अट एकच: काठावरून पाहिलेलं नको, स्वतः उतरून लिहा. भागोजीलाही तेच हवं होतं. आजवर तो काठावरच उभा राहिला होता.

अडचण दोराची होती. वाडीची रीत अशी, की कडा उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानंच धरायचा. सख्ख्या भावाच्या मनात एखाद वेळी वाटणी येईल. मेव्हण्याच्या डोळ्यांपुढं बहिणीचं कुंकू असतं. आणि तुळसाचा धाकटा भाऊ कोंडाजी तर शिमग्यापासून भागोजीशी बोलत नव्हता.

कारण लेखच. करवंदीच्या जाळीत खसफसलं म्हणून कोंडाजी रानडुकराच्या भीतीनं उंबरावर चढला होता, आणि जाळीतून निघालं त्याच्याच म्हशीचं रेडकू. भागोजीनं ते नावानिशी लिहिलं. महाडच्या बाजारात चहाच्या हाटेलात कुणीतरी मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून कोंडाजी बाजारात दिसला की कुणी ना कुणी विचारायचाच, "काय रे, रेडकू बरं हाय ना?"

भागोजी दुपारी त्याच्या खळ्यावर गेला. कोंडाजी नाचणी झोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कोंडू, दोर धरशील?"

बडवणं चालूच राहिलं. त्यातूनच उत्तर आलं, "उद्या. ऊन आल्यावर."

एवढंच? शिवी नाही, टोमणा नाही?

दुसऱ्या दिवशी कोंडाजीनं दोराचा वेढा कड्याच्या काठावरच्या जांभळीच्या खोडाला घातला, भागोजीच्या कमरेची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दोर सोडायला लागला. कमरेला टोपली, हातात धुरकटणारा गवताचा पलिता. खाली पाहिलं आणि भागोजीनं डोळे गच्च मिटले. अर्ध्यावर दोर थांबला.

"कोंडू! सोड रे!"

वरून आवाज आला, "दाजी, खाली रेडकू दिसतंय का?"

"आरं सोड! आई काळकाई! मेलो!" भागोजीची आरोळी पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली.

"हे लिवाल?"

"लिवीन!"

"नावासकट?"

"बापाच्या नावासकट लिवीन, पन सोड!"

तडफडताना भागोजीचा पाय कशाला तरी लागला. त्यानं डोळे उघडले. पायाखाली चांगली हातभर रुंद पायरी होती, आणि मधमाश्यांची कपार अगदी नाकासमोर. कोंडाजीनं दोर थांबवला होता तो बरोबर जिथं थांबवायचा तिथंच. भागोजी पायरीवर उभा राहून एकटाच हसत सुटला. मग पलिता कपारीशी धरला, पोळ्याचा एक भाग माश्यांना ठेवला आणि बाकीचं टोपलीत घेतलं.

भागोजी वर आल्यावर कोंडाजीनं मधाचं बोट चाटलं. "पायरी हाय त्ये मना ठावं व्हतं. तुमीच डोळं मिटलंव."

लेख माघात छापून आला. मिटलेले डोळे, काळकाईचा धावा, पायाखालची पायरी, सगळं होतं, नावासकट. कोंडाजी अंक घेऊन स्वतः महाडला गेला, त्याच हाटेलात बसून वाचून घेतला आणि तसाच भागोजीच्या शेतावर आला. भागोजी शेत भाजायच्या राबासाठी वाळल्या पानांचा पातेरा गोळा करत होता.

"दाजी, तुमची आरोळी आख्ख्या बाजारानं आयकली! आता माज्या रेडकाचं कोन नाव काडत नाय." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "फुडं काय लिवताव?"

"आदी भारा डोकीवर दे," भागोजी म्हणाला.

कोंडाजीनं पातेऱ्याचा भारा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि भागोजी बांधावरून शेताच्या दुसऱ्या टोकाला निघाला.