माझ्या झोपेच्या फोटोची परतफेड

माझा सूड पूर्ण व्हायला अख्खा हिवाळा गेला, आणि त्यातला एकही रविवार मला जड गेला नाही.

आम्ही चौघं भेटलो ते महापालिकेच्या ग्रंथालयातल्या मोबाइल फोटोग्राफीच्या वर्गात. वर्ग संपला, बाकीचे पांगले, आम्ही चौघं मात्र चिकटून राहिलो. तळेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई होत्या. महाळुंग्याचे टेम्पोवाले दादा होते, जे कंपन्यांचा माल पोचवता पोचवता वाटेत थांबून फोटो काढायचे. पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहणारे एक इंजिनिअर होते. त्यांच्याकडे खरा, भलामोठा कॅमेरा होता, म्हणून आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. आणि मी. माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं, राहायला भोसरीत, नोकरी चाकणच्या एका कंपनीत. तयार पार्ट गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साधनावर, तपासायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे माझं काम.

रविवारी सकाळी आम्ही बाईंच्या गच्चीवर जमायचो. ज्याने जो प्रयोग केला असेल तो दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. बाईंनी हळदीच्या पाण्यात कागद रंगवून, त्यावर शेवग्याची पानं ठेवून उन्हात तापवले होते. पानाखालचा पिवळा तसाच राहायचा, बाकीचा उडून जायचा. दादांनी मोबाइल टेम्पोच्या काचेला चिकटवून चाकण चौकातल्या गाड्यांच्या दिव्यांच्या लांबच लांब रेघा ओढल्या होत्या. मी मोबाइलच्या भिंगावर पाण्याचा एक थेंब ठेवून साखरेच्या दाण्याचा फोटो काढला, तर तो बर्फाचा डोंगर दिसला. दादा म्हणाले, "आयला, ह्यो तर हिमालय हाय!" सर म्हणाले, "चांगलंय, पण हे खेळ झाले. फोटोत माणूस पाहिजे."

ते बोललेलं मला तेव्हा पटलंही होतं.

एका रविवारी बाईंनी तळेगावच्या तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायचं ठरवलं. कंपनीत ऑडिट होतं, त्यामुळे आदल्या रात्री मला थर्ड शिफ्ट होती. घरी न जाता मी गणवेशातच थेट तळ्यावर गेले. पक्षी काही माझ्या मोबाइलमध्ये मावले नाहीत, पण मजा आली. परतताना सर आणि मी चिंचवडपर्यंत एकाच लोकलने आलो. खिडकीला डोकं टेकलं आणि मला झोप लागली. चिंचवड आलं तेव्हा सरांनीच उठवलं. "ताई, उठा, आपलं स्टेशन." मी ओढणी सावरत, त्यांचे आभार मानत उतरले.

पुढच्या आठवड्यात दिराचा मेसेज आला. खाली एक फोटो आणि त्यावर हसण्याची चित्रं. "वहिनी, कंपनीत झोपा काढायचा पगार मिळतो का?"

फोटोत मी होते. तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, छातीवर कंपनीचं ओळखपत्र. खिडकी कापून टाकली होती. मागे नुसता लोखंडी दांडा आणि राखाडी पत्रा राहिला होता, त्यामुळे ती लोकल आहे हे कुणालाच कळलं नसतं. खाली लिहिलं होतं, 'थकलेलं चाकण'. सरांनी तो एका ऑनलाइन स्पर्धेत पाठवला होता आणि बक्षीस मिळाल्यावर तो मोबाइलवरून सगळीकडे फिरला होता.

दिराच्या मेसेजनंतर गावाकडचा सगळा गोतावळा बोलला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बाईमाणसानं चार लोकांत असं पसरायचं असतं का गं?" ते मी गिळलं. पण सोमवारी सुपरवायझरने बोलावलं. त्यांच्या मोबाइलवरही तोच फोटो. मी सांगत होते, "साहेब, ही लोकल आहे, शिफ्ट संपल्यावरची." ते म्हणाले, "असेल. पण कार्ड आपलं दिसतंय ना? वरून विचारणा झालीय." मला गेजच्या टेबलावरून उठवून पॅकिंगला बसवलं. ज्या पार्टवर वर्षानुवर्षं माझी सही चालायची, ते आता मी खोक्यात भरू लागले.

मी सरांना फोन केला. आधी मी नीटच बोलले.

"सर, तो फोटो काढून टाका. माझी नोकरी अडचणीत आलीय."

"अहो ताई, किती लोकांना आवडलाय बघा तरी! तुमचा चेहराच बोलतोय."

"मला विचारलं नाहीत तुम्ही."

"विचारलं असतं तर तुम्ही तोंड मिटलं असतं." ते हसले. "तुम्हाला कळत नाहीये. त्या फोटोत तुम्ही तुम्ही नाही आहात. तुम्ही अख्खं चाकण आहात."

"मग अख्ख्या चाकणला विचारून काढायचा होता," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

गच्चीवर मी हा विषय काढला. बाई म्हणाल्या, "फोटो चांगला आहे हे मात्र मान्य करायला हवं." दादा नुसते सरांकडे बघत राहिले. सरांनी बक्षीस मिळाल्याचे पेढे आणले होते. मी पेढा घेतला, खाल्ला, आणि तो तोंडात असतानाच ठरवलं की ह्या माणसाला सोडायचं नाही.

भांडून काही होणार नव्हतं. सर भांडणात हुशार. त्यांच्याकडे शब्द होते, इंग्रजी होतं, सोसायटीतली ओळख होती. माझ्याकडे ओरखडे पडलेल्या काचेचा मोबाइल होता आणि नापास पार्ट शोधायची सवय होती. मग मी तेच काम करायचं ठरवलं.

त्या दिवसांत सर 'घामाचे चेहरे' नावाची फोटोंची मालिका करत होते. रविवारी सकाळी लवकर ते मजूर अड्ड्यावर जायचे. रोजंदारीवर काम मिळेल म्हणून बाया-माणसं डबे घेऊन जिथे उभी असतात, तिथे. ह्या मालिकेचं प्रदर्शन त्यांच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला, क्लबहाऊसच्या मोठ्या पडद्यावर होणार होतं. मी सरांना म्हणाले, "सर, मला पण शिकायचंय, माणसांचे फोटो कसे काढतात ते. येऊ का तुमच्याबरोबर?"

त्यांना किती बरं वाटलं! "या ना. राग गेला म्हणायचा."

"गेला," मी म्हणाले.

पहिल्याच रविवारी मला हवं ते सापडलं. एक बाई सिमेंटच्या पायरीवर बसून न्याहारी करत होती. डब्यात भाकरी, बटाट्याची भाजी आणि ठेचा. सर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "मावशी, भाजी जरा बाजूला ठेवता? नुसती भाकरी हातात धरा. हां. आणि चपला काढा पायातल्या, मागे सरकवा." तिने सरकवल्या. मग त्यांनी बॅगेतून इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली काढली आणि तिच्या कपाळावर फुसफुस केलं. हिवाळ्याची सकाळ, ती बाई शहारली. "हसू नका हं मावशी. लांब बघा. काहीतरी दुःखाचं आठवा."

मी दोन पावलं मागे उभी होते. मोबाइलचा आवाज बंद केलेला. भाजीचा डबा बाजूला सरकवताना, चपला, बाटली, फवारा, सगळं मी टिपलं.

त्यानंतर दर रविवारी गेले. एका म्हाताऱ्या गवंड्याला त्यांनी स्वेटर काढायला लावला. एका तरण्या पोराने केसाला तेल लावून भांग पाडला होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने विस्कटला. मी विचारायचे, "सर, असं का?" आणि ते मन लावून समजावून सांगायचे. माझ्यासारखी गुणी विद्यार्थिनी त्यांना मिळाली नव्हती. घरी आले की चहा ठेवायचे आणि ते फोटो पुन्हा पुन्हा बघायचे. त्या चहाची चव मला अजून आठवते.

एक काम मात्र मी सरांसारखं केलं नाही. फोटोतल्या प्रत्येक माणसाला एकटं गाठून विचारलं. भाकरीवाली बाई माझ्याच भागातली निघाली, जिंतूरकडची. मी तिला सगळे फोटो दाखवले, माझाही झोपेतला दाखवला. तिने माझा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाली, "दाखव की बाई. माझं काय जातंय? पण मला सांग, नवी कोरी चप्पल होती माझी, ती कशापायी काढाया लावली त्यानं? फोटोत दिसली असती तर लेकीला पाठवली असती."

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी क्लबहाऊस भरलं होतं. सरांनी मोठ्या मनाने आम्हा तिघांनाही थोडा थोडा वेळ दिला होता. आपल्या गटाचे प्रयोग म्हणून. आधी बाईंच्या हळदीच्या छापांचं कौतुक झालं. दादांच्या दिव्यांच्या रेघांना टाळ्या पडल्या. मग 'घामाचे चेहरे' सुरू झालं. पडद्यावर ती बाई आली, अनवाणी, हातात कोरडी भाकरी, कपाळावर थेंब, नजर दूर. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी चक्‌चक् केलं. पहिल्या रांगेत सरांच्या आई बसल्या होत्या, पैठणी नेसून. त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं, "माझा मुलगा."

शेवटी मी. सगळ्यांचेच फोटो दादांच्या लॅपटॉपवर होते आणि पडद्याजवळ दादाच बसले होते. काय येणार हे फक्त त्यांना माहीत होतं. मी माइक घेतला आणि म्हणाले, "माझा प्रयोग साधा आहे. फोटो कसा होतो, ते मी बघितलं."

पहिला फोटो सरांचाच. अनवाणी बाई. पुढचा माझा. तीच पायरी, भाजीचा डबा बाजूला, मागे चपलांचा जोड, आणि सरांच्या हातात फवारा. कुणीतरी फिसकन हसलं. मग पुन्हा सरांचा, गवंड्याचा उघडा, सुरकुतलेला गळा. पुन्हा माझा, स्वेटर काढून देणारा गवंडी आणि तो बॅगेवर फेकणारे सर. मग विस्कटलेले केस आणि ते विस्कटणारा हात. हसू वाढत गेलं, आणि एका क्षणी एकदम थांबलं. नंतरची शांतता त्या हसण्यापेक्षा वाईट होती. मी ती नीट ऐकून घेतली.

सर उठून उभे राहिले. चेहरा लाल. "हे काय आहे? तुम्ही मला विचारलं होतं का?"

मी माइकवरच बोलले. "सर, विचारलं असतं तर तुम्ही बाटली लपवली असती. आणि ह्या फोटोंत तुम्ही तुम्ही नाही आहात. तुम्ही अख्खी फोटोग्राफी आहात."

दादांनी शेवटचा फोटो लावला. तो माझा होता, झोपेतला; पण त्याच्या शेजारी मी त्याच लोकलच्या डब्याचा फोटो ठेवला होता. तोच दांडा, तोच पत्रा, आणि सरांनी कापून टाकलेली खिडकी. मी सांगितलं की ही मी आहे, शिफ्ट संपवून घरी निघालेली, आणि ह्या फोटोपायी मी आज पॅकिंगला बसते. मग माइक ठेवला आणि उतरले. पहिल्या रांगेसमोरून जाताना सरांच्या आईंकडे नजर गेली. त्या मांडीवरच्या पदराची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. मी थांबले नाही.

बाहेर पार्किंगमध्ये दादा म्हणाले, "लई भारी हाणला, ताई." बाई मात्र चिडल्या होत्या. "त्यांना एकट्याला सांगता आलं नसतं का तुला?"

"सांगितलं होतं. तुमच्याच गच्चीवर," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात, फोटो चांगला आहे."

गच्चीवरचे रविवार तिथेच संपले. सरांनी आपले सगळे फोटो इंटरनेटवरून काढून टाकले, माझाही. मोठा कॅमेरा विकला म्हणे. मला गेजच्या टेबलावर परत बसवलं, पण ते ह्या प्रकारामुळे नव्हे. पॅकिंगमधून मी इतके नापास पार्ट परत पाठवले की सुपरवायझरच कंटाळले. दादा आणि मी अजून एकमेकांना फोटो पाठवतो. भाकरीवाल्या बाईचा चपलांसकट एक फोटो मी नंतर काढला आणि तिच्या लेकीला पाठवला.

परवा, काही वर्षांनी, चिंचवडच्या एका दुकानात सर दिसले. केस पांढरे झालेत. मला वाटलं, तोंड फिरवतील. पण ते जवळ आले.

"ताई, एक विचारू? एकदा त्या भाकरीवाल्या मावशींनी माझ्याच तोंडावर फवारा मारला होता बघा, मी खूप हसलो होतो. तुम्ही तेव्हा फोटो काढला होता. तो आहे का हो?" मग जरा अवघडून म्हणाले, "सगळ्यांचे मीच काढत आलो. माझा हसतानाचा एकही नाही. आई विचारत असते."

तो फोटो आहे. चांगला आलाय. बाईच्या हातात बाटली आहे, सरांचे डोळे मिटलेत आणि दोघंही पोट धरून हसताहेत. क्लबहाऊसमध्ये मी तो लावला नव्हता, कारण त्याने माझं काम बिघडलं असतं.

"नाही हो सर," मी म्हणाले. "तो नाही आला नीट."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मी पिशवी उचलली, रिक्षा केली आणि घरी येईपर्यंत तो फोटो उघडून बघत बसले. अजून कुणाला दिलेला नाही. देणारही नाही.