भेलेला कान

मी मूळची वरोऱ्याची. ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांत नर्स म्हणून गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावात माझी नेमणूक झाली. ट्रेनिंगचा कागद जवळ होता, त्यामुळे माझा तोरा काय विचारता! गावच्या म्हाताऱ्या सुईणीला मी खिजगणतीतही धरत नव्हते.

एका सकाळी एका पहिलटकरणीच्या घरून बोलावणं आलं. पोरगी पहाटेपासून कळा देऊन थकली होती. "लेकरू हालूनच नाई राह्यलं," ती रडत म्हणाली. बाळाचे ठोके ऐकायचा भोंगा मी तिच्या पोटावर टेकवून कान लावला. धडधड, धडधड. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं, तर ती माझीच नाडी! बाळाचं काही म्हणजे काही ऐकू येईना. बाहेर कोंबडा आरवला तरी मी दचकले. "ठोके ना..." एवढं तोंडातून निघालंच.

उशाशी बसलेल्या सुईणीनं मला दंडाला धरून ओढतच पडवीत आणून बसवलं. बाळंतपणाबद्दल सुईणीला द्यायचे म्हणून घरच्यांनी सुपात तांदूळ काढून ठेवले होते. ते सूप तिनं माझ्या मांडीवर आदळलं.

"खडे येच."

"बाई, तिथी लेकराचा जीव जाऊन राह्यला, अन् तुम्ही तांदूळ काय घेऊन बसल्या!"

"भेलेला कान सोताचंच आयकते, पोरी. येच म्हन्लं ना!"

रागारागानं वेचायला लागले. दहा-बारा खडे निघाले असतील; श्वास कधी खाली बसला कळलंच नाही. मग परत कान लावला. फडक्यात गुंडाळलेल्या घड्याळासारखी टिकटिक, बारीक आणि भराभर. माझ्या नाडीहून वेगळी! मला रडूच फुटलं. "आहे वो, आहे लेकरू!" ते ऐकून त्या पोरीच्या अंगात कुठून जोर आला कोण जाणे. दुपारच्या आत मुलगी झाली आणि गाव गोळा होईल एवढी रडली.

पुढे एका ट्रेनिंगला डॉक्टरांनी समजावलं, की माणूस भ्यालं की रक्तात ॲड्रिनॅलिनसारखे रस उतरतात. काळीज धावतं, मेंदू धोक्याचाच कानोसा घेत बसतो आणि बारीक आवाज निसटतात. मनात म्हटलं, तुम्हाला हे सांगायला फळा लागला, आमच्या बाईला सूप पुरलं.

त्या दिवशी निघताना मी तिचे पाय धरले. विचारलं, "बाई, लेकरू जितं आहे हे तुम्हाले कसं ठाऊक होतं?"

सुपातले तांदूळ पदरात ओतत ती म्हणाली, "मले कुठी ठाऊक होतं? पन तुलेबी नोव्हतं ना!"