शिडीवरची लाल पाटी

जुनवानीच्या आमच्या घरामागे, लोखंडी पायांवर उभा राहणारा एक छोटा स्विमिंग पूल आहे. दर रविवारी तो साफ करायला स्टील प्लांटमधून रिटायर झालेले एक काका यायचे. आल्या आल्या ते शिडीला लाल पाटी टांगत: ‘शटडाऊन. काम चालू आहे.’ बाबांची सगळी नोकरी प्लांटमधली; तिथे लाल पाटी असेपर्यंत कुणी जवळ फिरकत नाही. लाल पाटी दिसली की ते मागचं दार लावून पाहुण्यांनाही अडवत.

मी मात्र माझ्या खिडकीतून बघायचे. जाळीने पानं काढून झाली की काका बनियनसकट पाण्यात उतरत आणि डोळे मिटून बसत.

एकदा त्यांनी मला बघितलं. जराही न लाजता म्हणाले, “कावून वं पोरी, तू कधीच नाई उतरत?”

“सगळे बघतात,” मी पुटपुटले.

ते बाहेर आले, बनियन पिळलं. “मंग मी मागच्या फाटकानं निंगतो. पाटी राहू दे.”

खिडकीतून बाहेर उतरून मी पहिल्यांदाच पाण्यावर उताणी पडले होते, तेव्हा बंद दारापलीकडून आत्याचा आवाज आला, “किती वेळ लावून राहिला तो माणूस?”

“प्लांटचा हाये तो,” बाबा अभिमानाने म्हणाले. “काम पक्कं करते.”