कमजोर म्हणजे नेमकं किती?

तापातून उठून आठवडाही झाला नव्हता, आणि मी शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवताना कोसळले. नाशिकच्या एका शाळेत मी बावीस वर्षं पीटी शिकवतेय.

अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, पण इकोत हृदयाचं पंपिंग कमी दिसलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय कमजोर झालंय. मैदान आता विसरा."

"कमजोर म्हणजे नेमकं किती? कशामुळं?" मी विचारलं.

उत्तर मिळालं माझ्या नवऱ्याला. "यांना जपा."

शाळेत मुख्याध्यापकांनी मला ग्रंथालयात बसवायचा अर्ज टाइप करूनच ठेवला होता. मी सही केली नाही. घरी नवरा चिडला, "जिवापेक्षा मैदान मोठं आहे का?"

"जीव माझाच आहे ना? मग त्याला काय झालंय ते मला कळू दे की."

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी हृदयाचा एमआरआय करायला सांगितला. "स्नायूला नुसती सूज आहे की तो कुठे मेलाय, हे त्यात दिसेल."

मंगळसूत्र, बांगड्या काढल्या. जोडवं निघेना, साबण लावून ओढलं. त्या अरुंद बोगद्यात कानाशी हातोडे पडल्यासारखा आवाज. हेडफोनमधून टेक्निशियन सांगायची, "श्वास सोडा... धरा." मध्येच शिरेतून औषध गेलं, दंड गार पडला. घाबरले होतेच. पण हलले तर चित्र बिघडणार, आणि बिघडलेल्या चित्रावर कुणी पुन्हा अंदाज ठोकलेले मला नको होते. जन्मात पडले नसेन इतकी निश्चल पडून राहिले.

"विषाणूमुळं स्नायूला सूज आलीय," डॉक्टर बाईंनी पडद्यावर दाखवलं. "हा छोटा डाग राहील. बाकी स्नायू जिवंत आहे."

"मग पळू?"

"आत्ता अजिबात नाही. सहा महिने जिनासुद्धा सावकाश चढायचा."

हे मी ऐकलं, कारण ते माझ्याशी बोलून सांगितलं होतं. सहा महिने मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिट्टी वाजवली. मुख्याध्यापक म्हणायचे, "ग्रंथालयात पंखा आहे, मॅडम." मी म्हणायचे, "असू दे, सर."

दुसऱ्या एमआरआयमध्ये सूज गेलेली होती. डाग तेवढाच, जागच्या जागी. पळायची परवानगी हळूहळू मिळाली, आधी चालणं, मग चार फेऱ्या. पळायच्या पहिल्या दिवशी नवरा काळजीनं बरोबर आला. दुसऱ्या फेरीनंतर तो कंबरेवर हात ठेवून थांबला. मी उरलेल्या दोन्ही पूर्ण केल्या.