कंबरदुखी

आमच्या गावच्या दवाखान्यात पडदा नाही, एकाचं दुखणं सगळ्यांना ऐकू जातं. काल माझ्या आधी एक पन्नाशीचा गडी होता. डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं, तर जमिनीकडं बघत म्हणाला, "कंबर दुखते." मलमाची चिठ्ठी घेऊन निघाला. बायको दाराशी उभी होती, तिच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी ओळखलं.

आमच्यात पुरुषाला जे बोलता येत नाही, ते सगळं कंबरेवर ढकलतात. मी चौथी नापास, पण मीही शब्द हुडकून दमलो. इच्छा असते, अंग साथ देतं, घाम फुटतो, दम लागतो, आणि शेवटी पाणी काही सुटत नाही. याला नाव नाही. नामर्द म्हणायला मात्र गावाला दहा तोंडं. भिंतीवर जाहिराती रंगवणारे वैदू ताकद विकतात. अरे, ताकदीचं कुठं अडलंय!

माझी पाळी आली. मी सरळ म्हणालो, "पाणी सुटत नाही."

"लघवी तुंबते का, आजोबा?"

"लघवी नव्हं. बायकोपाशी."

बाकावरून कुणीतरी खिदळलं, "म्हाताऱ्याला अजून हौस हाय!" डॉक्टरीणबाईही हसू दाबत म्हणाल्या, "आता या वयात कशाला हवंय?"

कशाला हवंय! घरी बायको तोंड फिरवून विचारते, "मी नकोशी झाले का?" जन्मभर माझा संसार ओढलेल्या बाईला मी दरवेळी "नाही गं, तसं नाही" म्हणतो, आणि माझंच अंग मला तिच्यासमोर खोटं पाडतं.