दुपारी उरलेला डेटा

आधीच सांगून टाकते, अंगात येणं, झपाटणं, बाहेरचं लागणं... यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. शेजारच्या शांतक्का देवीचा अंगारा आणून देतात तो मी लावते, पण तो त्यांचं मन राखायला. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी मोठ्यानं हसलेली बाई आहे. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी चालेल.

गाव हळ्ळीखेड (बी), तालुका हुमनाबाद, कर्नाटकातला बिदर जिल्हा. बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आणि मेन रोडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. आमचे हे हैदराबादला एका कंपनीत गाडी चालवतात, महिन्यातून एकदा येतात. घरी मी आणि सासरे – अप्पा. अप्पा बसमध्ये कंडक्टर होते. मराठी, कन्नड, हैदराबादी उर्दू... पॅसेंजर ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत त्याच्याशी गप्पाही मारायचे आणि सुट्ट्या पैशांवरून भांडायचेही. दीड वर्षापूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

सकाळी अकराला त्यांना जेवू घालायचं, पाण्याची नळीवाली बाटली डाव्या हाताशी ठेवायची, टीव्ही लावायचा आणि कुलूप घालून मी दुकानात. साडेचारला परत. अप्पा टीव्हीकडे फारसे बघत नसत. घरात माणसांचा आवाज असावा, एवढ्यासाठीच तो चालू ठेवायचा, असं यांनी मला बजावलं होतं. शांतक्कांनाही तेच बरं वाटायचं. भिंतीपलीकडून आवाज येतोय म्हणजे अप्पा ठीक आहेत, असा त्यांचा हिशोब. गुडघ्यांमुळे त्यांना आमच्या पायऱ्या चढवत नाहीत.

टीव्ही चालायचा खिडकीत ठेवलेल्या जुन्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. रोजचा दोन जीबी डेटा. चित्र धूसर ठेवलं की तेवढ्यात मराठी मालिकेचे भाग एकामागून एक दिवसभर चालतात. रिचार्ज हेच मारतात, त्यामुळे कुठल्या तासाला किती डेटा गेला हे त्यांना हैदराबादेत बसून फोनवर दिसतं. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"सुवर्णा, डेटा उरायलाय कामून?"

"म्हंजे?"

"एक वाजल्याच्या पुढं शून्य दाखवायलंय. आठ दिस झाले बघायलोय. टीव्ही बंद करून जायलीस का काय?"

"मी कामून बंद करू?"

"मग दिसभर अप्पा गपगार पडून ऱ्हायलेत का? येवढं तरी बघ की गं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांच्या बापाचं सगळं मी करायचं आणि हे तिकडे बसून मला डेटाचा जाब विचारणार! तशीच फोन घेऊन शांतक्कांच्या दारात गेले, स्पीकर लावला आणि म्हटलं, आता तुम्हीच सांगा यांना.

"अगं, चालूच असतंय की टीव्ही! दुपारभर बडबड चालूच," शांतक्का म्हणाल्या. "सकाळी मराठी असतंय, दुपारी कन्नड. मधीच त्ये हैदराबादी बोलणारं बी येतंय. लई हसवतंय बघ."

मी स्पीकर बंद केला. मी मालिका लावत होते ती फक्त मराठी.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि घरी आले. पायरीवर असतानाच आतून आवाज आला. एक पुरुष कन्नडमध्ये काहीतरी सांगत होता, सावकाश, ओळखीच्या माणसाला सांगावं तसं. शब्द नीट कळत नव्हते. मग दुसरा आवाज म्हणाला, "व्हय... व्हय. बस की जरा."

तो अप्पांचा आवाज होता. दीड वर्षांनी ऐकला तरी ओळखायला मला क्षणही लागला नाही. घाईघाईनं किल्ली कुलपात घातली. दार उघडलं तर आत अप्पा एकटेच, वर फक्त पंखा फिरत होता.

टीव्हीवर मालिका थांबलेली होती. इंग्रजीत एक प्रश्न – तुम्ही अजून बघताय का? खाली बटण. बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही की टीव्ही असं विचारतो आणि थांबून राहतो, हे मला माहीतच नव्हतं. रिमोट कपाटावर. आमच्याकडे रोज चारला करंट जातो, म्हणून मी यायची तेव्हा टीव्ही काळाच असायचा आणि मला कधी शंका आली नाही. म्हणजे रोज एकपासून अप्पा त्या थांबलेल्या टीव्हीसमोर एकटे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसले आणि रडले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं. दोन माणसं बोलत असताना मध्येच कुणी घुसलं की पाहतात, तसं.

नंतर एकदा टीव्ही न लावता मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून गेले. पंख्याची घरघर आणि अप्पांचं खोकणं, बास. त्याच दुपारी शांतक्कांनी मात्र गप्पा ऐकल्या होत्या. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, वाचा परत येऊ शकते. पण दुसऱ्या आवाजाचं काय, यावर ते हसले.

यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तुला भास झाला असंल. येवढं कर, अप्पांना एकटं सोडू नको." मलाही तेच हवं होतं. मशीन घरी आणली. आता अप्पांच्या खाटेशेजारी शिवते आणि दिवसभर बोलते – कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा ब्लाऊज दंडाला घट्ट झाला, सगळं. टीव्हीही चालू असतो. डेटा रात्रीपर्यंत संपतो, हे खूश.

पण मशीन घरी आणल्यावर भिंतीपलीकडे त्या गप्पा ऐकू येईनाशा झाल्या, असं शांतक्कांनी सांगितलं. आणि अप्पा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी कितीही बोलले तरी ते दाराकडे बघत राहतात. कोण येत होतं, कुठून येत होतं, मला आजही सांगता येत नाही. त्यांच्याजवळ शब्द आहेत, पण ते आमच्यासाठी नाहीत, एवढं मात्र कळलं. वाईट वाटतं. का नाही वाटणार?

म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी दोनला मी बटणं आणायच्या निमित्तानं उठते. टीव्ही बंद करते, बाहेरून कुलूप घालते आणि तासभर परत येत नाही.

दोन ते तीन शून्य का दिसतंय, असं यांनी विचारलं तर सांगते, करंट नव्हता.