वडिलांनी काढून ठेवलेले सेल

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेहून आलेल्या मित्राने मला तळहाताएवढे एक यंत्र दिले. त्यात त्याने एक इंग्रजी कादंबरी भरली होती. छापील प्रत इथे मिळत नव्हती आणि सोमवारी मला तिचे परीक्षण द्यायचे होते. माझ्या नावाने छापून येणारे ते पहिलेच. जाताना मित्राने बजावले होते, सेल बदलायला मिनिटाहून जास्त वेळ लागला, तर आतले सगळे पुसले जाईल. त्यामुळे वाचताना माझे निम्मे लक्ष पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्राकडे असे.

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या घरी मी आंघोळ करून आलो, तर यंत्र सुरूच होईना.

टॉर्च किंवा ट्रान्झिस्टर वापरून झाला की वडील त्यातले सेल काढून ठेवत.

"बाबा, यातले सेल?"

"काढलेत. गळले असते म्हणजे? एवढी महागाची वस्तू, तशीच टाकून गेलास आंघोळीला!"

मी सेल परत घातले. यंत्राने तारीख आणि वेळ विचारली. कादंबरी नव्हती, निम्मीच वाचून झाली होती.

"चाललं ना रे?" वडिलांनी विचारले.

"चाललं," मी म्हणालो आणि परीक्षण येणार नाही हे संपादकांना कळवायला कोपऱ्यावरच्या फोनबूथवर गेलो.